सहावा भाग

इंग्लंडच्या राणीच्या काळातल्या एका राजकीय कादंबरीचे सहा भाग, ऐकायच्या पुस्तकासाठी. पहिले पाच माझ्या ताईच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाले. सहावा तिच्याकडून काढून मला दिला, कारण ताईला हल्ली लांब वाक्य एका दमात पेलत नाही, हे मीच प्रकाशकांच्या कानावर घातलं होतं. ते खोटं नव्हतं. त्यानंतर मरेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मीही तिच्याकडे गेले नाही.

लहानपणी आम्ही वडिलांच्या खुर्चीवर चढून भाषणं ठोकायचो. पंतप्रधान कायम तीच. मी विरोधी पक्ष. मी तोंड उघडलं की ती ओरडायची, "खाली बस!" तिच्या जागी एकदा तरी माझा आवाज लागावा, एवढीच माझी हाव होती.

ती गेल्यानंतर सहाव्या भागाचं काम सुरू झालं. रोज सकाळी दहाला मी स्टुडिओतल्या काचेच्या खोलीत बसायचे. वाक्य चुकलं की बाहेरचा तंत्रज्ञ आधीचं वाक्य हेडफोनमध्ये वाजवायचा. त्याचा सूर धरून मी पुढचं वाचायचं, म्हणजे जोड कळत नाही.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मावशी, प्रत्येक वाक्याआधी मोठा श्वास येतोय."

"माझा नाही."

"मग काय माझा? मी तर काचेपलीकडे."

श्वास रोखून वाचलं. तरी तो आलाच.

सातव्या दिवशी अडखळले. त्याने आधीचं वाक्य वाजवलं. शब्द मी नुकतेच वाचलेले. आवाज ताईचा.

"हे कोण?"

"तुम्हीच की!" तो हसला. "स्वतःचा आवाज ओळखू येईना झाला?"

या भागाचं एक पानसुद्धा ताईने पाहिलं नव्हतं.

बाराव्या दिवशी मंत्र्याच्या राजीनाम्याचं भाषण आलं. ते मी उभं राहून वाचू लागले.

कानाशी, अगदी जवळून कुणी म्हणालं, "खाली बस."

पानावर तसं काही नव्हतं.

मी बसले नाही. आवाज चढवला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

महिन्याने प्रकाशकांचा फोन आला.

"बाई, कमाल आहे! ताईंनी सहावाही वाचून ठेवला होता, हे सांगायचं नाही होय?"

"तो मी वाचलाय. बारा दिवस."

"काहीतरीच काय! सगळा ऐकला मी. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच आहेत. फक्त राजीनाम्याच्या भाषणात मागे कुणीतरी म्हातारी ओरडते. तेवढं पुसायला सांगितलंय."