खिडकीवरचं फडकं

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय, आणि तेही रात्री-बिरात्री नाही.

दुपारी चार वाजता.

मामा छोट्या विमानांच्या धावपट्टीवर कामाला होते. विमान जवळ आलं की केबिनबाहेर जायचं, खांबावरची कापडी नळी वाऱ्याने कुठे उडतेय ते बघायचं आणि रेडिओवर पायलटला सांगायचं. सगळे त्यांना चेष्टेने पवनराव म्हणायचे.

पण मामांचे गुडघे धरलेले आणि अंगात आळस मुरलेला. ते खिडकीत वाळत घातलेलं पुसायचं फडकं बघायचे आणि बसल्या जागेवरून वारा सांगायचे. बावीस वर्षं खपून गेलं.

त्या दिवशी चारच्या सुमाराला गावातले एक डॉक्टर स्वतःचं विमान घेऊन येत होते.

"पवनराव, वारा कसा?"

फडकं गप्प लटकत होतं.

"शांत आहे. या बिनधास्त."

धूळ येते म्हणून खिडकी त्यांनीच लावून घेतली होती. फडकं आत होतं. हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.

बाहेर आडवा वारा सुटला होता. चाकं टेकता टेकता एक पंख उचलला गेला, विमान पट्टीवरून घसरलं आणि कडेच्या चरात उलटलं. डॉक्टर जागीच गेले.

चौकशीत मामा म्हणाले, "आडवा वारा आहे, असं मी सांगितलं होतं."

डॉक्टरांच्या बायकोने उलट मामांचीच माफी मागितली. "त्यांनी तुमचं ऐकलं नाही. तुम्हाला उगाच मनस्ताप."

आठव्या दिवशी, चार वाजता, रेडिओ बंद होता. बटण मामांनीच बंद केलं होतं.

खरखर झाली...

"पवनराव, वारा कसा?"

मामा धडपडत बाहेर गेले. आकाश रिकामं. इंजिनाचा आवाज नाही. झाडाचं पानही हलत नव्हतं.

खांबावरची नळी मात्र... पट्टीला आडवी, ताठ फुगली होती.

मामांनी नोकरी सोडली. आवाजाने मामांना सोडलं नाही. घरात रेडिओ नाही, तरी रोज चारला तोच प्रश्न. मामी म्हणायची, "मनात चोर असला की असंच होतं." ती आपली सहज बोलायची. मामांचा जेवणातला हात तिथेच थांबायचा.

शेवटी ते डॉक्टरांच्या बायकोकडे निघाले. सगळं सांगून टाकायचं, मग व्हायचं ते होवो. सोबतीला मला नेलं.

बाईंनी पाणी दिलं. मामांनी घसा खाकरला. "बाई, त्या दिवशी..."

"जरा थांबा," बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "यांची वेळ झाली."

खिडक्या बंद होत्या. पंखाही बंद.

तरी पडदा... एका बाजूला उडाला.

मला काही ऐकू आलं नाही. मामांनी मात्र पेला खाली ठेवून दोन्ही कान झाकून घेतले.

"शांत आहे. या," बाई हळूच म्हणाल्या. मग आमच्याकडे वळल्या. "रोज विचारतात, वारा कसा. मला मेलीला वाऱ्यातलं काय कळतंय? मी आपलं सांगते, शांत आहे, या. पण त्यानंतर रोज काहीतरी कोसळल्यासारखा आवाज येतो हो. माझं काही चुकतंय का?"

सांगायचं ते राहूनच गेलं. आम्ही उठून आलो.

आता मामा रोज चारला गॅलरीत उभे राहून ओरडतात, "आडवा वारा आहे, उतरू नका." शेजारचे हसतात.

तिकडे बाई रोज 'या' म्हणत असतील. त्यांना खरं सांगायला मामा काही परत गेले नाहीत.

मीही नाही गेलो.