नाकाचा तोरा

जळतंय... काहीतरी जळतंय!

मी आमच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते. पिशवीत आईच्या गुडघ्यांसाठी आणलेलं ओलं आलं, केसांत भुरभुर पावसाचे थेंब, आणि नाकात पाव. करपायला लागलेला पाव. धूर अजून कुठे दिसत नव्हता, नुसती एक कडवट चाहूल होती समोरच्या बेकरीतून. दुसऱ्या कुणाला कळलीही नसती. पण नाक कुणाचं आहे!

रस्ता ओलांडून मी थेट आत शिरले. भट्टीसमोर एक तरुण. कोपरापर्यंत पीठ, भुवईवर पीठ, आणि स्वारी शांतपणे पिठाचे गोळे वळतेय. गालावर खळी पाडून स्वतःशीच काहीतरी गुणगुणतेय.

"अहो! पाव जळतोय तुमचा! नाक काय गहाण टाकलंय का?"

तो दचकला. झटकन भट्टीचं दार उघडलं, आणि आतून भसकन काळा धूर आला. त्याने ट्रे ओढला. पाव कसले, कोळसे! तो त्या ट्रेकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता चिडणार.

"हो," तो हळूच म्हणाला, "टाकलंय खरं गहाण. सोडवून देता का?"

त्याच्या आवाजात थट्टा होती, पण डोळ्यांत नव्हती. मी हातातली पिशवी खाली ठेवली. 

मग त्याने सांगितलं. मागे मोठं आजारपण झालं, ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. ना पिठाचा, ना धुराचा, ना साबणाचा. डॉक्टर म्हणाले, येईल, हळूहळू येईल, ओळखीचे चार वास रोज घेत जा. "पण भट्टी थांबते का हो? ही लाकडावरची. आज ओलं लाकूड, उद्या वाळकं. घड्याळाला काय कळतंय? पाव झाला की तो वासानं हाक मारतो. मला ती हाकच ऐकू येईना."

बेकरी त्याच्या मामांची. तो मामांचा भाचा, म्हणून सगळा रस्ता त्याला 'भाचेराव' म्हणायचा. मामांनी सांगून ठेवलं होतं, असंच चाललं तर भट्टीवर दुसरा कारागीर येईल आणि भाचेराव गल्ल्यावर बसतील.

"गल्ल्यावर काय वाईट?" मी विचारलं.

त्याने पिठाच्या गोळ्यावर अलगद हात ठेवला, झोपलेल्या बाळाच्या पाठीवर ठेवावा तसा. "काही नाही. पण तिथे बसून मी कोण?"

बस्स. तेवढं एक वाक्य, आणि मी पदर खोचला... म्हणजे, ओढणी.

"चार वास ना? मी आणते."

*

आमच्या घरात साधा चहा कुणीच पीत नाही. बाबा शाळेत शिकवतात, त्यांच्या घशासाठी ज्येष्ठमध आणि लवंग. आई दवाखान्यात परिचारिका, दिवसभर जिने चढते-उतरते. तिच्या गुडघ्यांना रात्री आल्याचा शेक आणि सकाळी गरम गरम आल्याचा काढा. आत्या शिवणकाम करते. डोळे शिणले की तिला बडीशेपेचं पाणी. हे सगळं मी करते. आत्याच्या कपड्यांची काजं-बटणं करून उरलेल्या वेळात निवडते, धुते, खिडकीत जुन्या चादरीवर वाळवते, कुटते, डब्यांत भरते. आणि माझी शेखी अशी, की माझ्या काढ्यात काय आहे हे मला ठाऊक आहे आणि काय नाही तेही ठाऊक आहे. ताप चढला तर मी कप ठेवत नाही, सरळ डॉक्टरांकडे हाकलते.

फळीवर चार सारखे कप. कुणाचा कोणता ते कळावं म्हणून आत्याने प्रत्येकाच्या कानाला आपल्या रिळाचा दोरा बांधलाय. वर गाणंही जुळवलंय. मशीनचं पायडल मारता मारता म्हणते,

निळा दोरा दादाचा, घसा त्याचा शाळेचा,
तांबडा दोरा वहिनीचा, गुडघा तिचा जिन्याचा,
पिवळा दोरा माझा गं, डोळा माझा सुईचा,
हिरवा दोरा पोरीचा... तोरा तिच्या नाकाचा!

शेवटच्या ओळीला बाबा हटकून हसतात. हसोत. होताच मला तोरा.

*

दुसऱ्या सकाळी मी चार डब्या घेऊन बेकरीत गेले. आलं, लवंग, गवती चहा, पुदिना. भट्टी नुकती पेटली होती. बाहेर पागोळ्या ठिबकत होत्या, आत लाकूड तडतडत होतं.

"डोळे मिटा," मी म्हटलं.

"मिटले. आता तुम्ही पळून गेलात तर?"

"भट्टीपुढून पळून जायची सवय मला नाही. घ्या श्वास."

मी झाकण उघडलं, डबी त्याच्या नाकाशी धरली. मिटलेल्या पापण्यांवर पिठाचा एक कण होता. तो पुसावा की नाही... मी डबीकडे बघत राहिले.

"काही नाही," तो म्हणाला. "थंड हवा आल्यासारखी वाटते. तेवढंच."

असे पुष्कळ दिवस गेले. रोज डब्या, रोज 'काही नाही'. पण त्या 'काही नाही'त हळूहळू बरंच काही यायला लागलं. तो माझ्यासाठी पहिल्या ट्रेमधला मऊ पाव बाजूला ठेवू लागला. मी बेकरीत जाताना केस दोनदा विंचरू लागले. 'अहो'चं 'अगं' कधी झालं ते कळलंच नाही.

"वैदीणबाई, तुझ्या हाताला कसला वास येत असेल गं?"

"आल्याचा. लसणाचासुद्धा. काय करायचंय?"

"काही नाही. नाक परत आलं की यादीत पहिला तोच घेणार आहे."

मी डबीचं झाकण जरा जोरातच लावलं.

आणि मग एका सकाळी... झाकण उघडलं, तो थबकला. कपाळावर आठी पडली.

"आलं?"

आलंच होतं! मी इतक्या मोठ्यांदा ओरडले की गल्ल्यावरच्या मामांचा चष्मा नाकावरून घसरला. दुसरी डबी, लवंग. बरोबर! तिसरी, गवती चहा. बरोबर! चौथ्या वेळी तो जरा थांबला... "पुदिना." मी तिथल्या तिथे गिरकी घेतली. घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं, जेवताना पुन्हा सांगितलं. आत्या म्हणाली, "आता तो दोरा पुरायचा नाही हिच्या तोऱ्याला."

रोज तो ओळखायचा. रोज मी फुलायची. फक्त पाव अजून कधीमधी करपायचा. पण ते मी मनावर घेतलं नाही. मला कुठे बघायचं होतं?

सोमवारी नवा कारागीर येणार असं मामांनी ठरवलं, तेव्हा मीच छाती पुढे काढून म्हणाले, "मामा, थांबा. उद्या सकाळी समोर उभे राहा. स्वतः बघा."

भाचेराव एकदम पांढरा पडला. मला वाटलं, पीठ.

*

त्या सकाळी आत्याने घात केला. बिचारीने चांगल्या मनाने माझ्या डब्या उकळत्या पाण्यात घालून धुतल्या आणि उन्हात पालथ्या मांडल्या. "शिवणाच्या चिंध्यांत बांधून ने की," म्हणाली. मी चार पुरचुंड्या बांधल्या. काय बिघडलं? वास तर तोच.

मामा हाताची घडी घालून उभे. मी पहिली पुरचुंडी त्याच्या नाकाशी नेली. तो डोळे मिटून थांबला. थांबला... थांबलाच.

"झाकण... नाही?" तो पुटपुटला.

"आज नाही. सांग ना."

"पुदिना."

पुरचुंडीत आलं होतं. दुसरी, "पुदिना..." लवंग होती.  तिसऱ्या पुरचुंडीपाशी त्याने डोळे उघडले आणि खाली बघितलं. मामा वळले, गल्ल्यावर जाऊन बसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"फसवलंस मला?"

"ऐक तरी. आल्याच्या डबीचं झाकण करकरतं. लवंगा खुळखुळतात. गवती चहा सळसळतो. आणि काहीच वाजलं नाही की..."

"की पुदिना."

"पहिल्या दिवशी नुसतं म्हणून बघितलं गं. आणि तू अशी हसलीस... मला कशाचाच वास येत नव्हता, पण तेवढं हसणं दिसत होतं. ते बंद करायची हिंमत झाली नाही."

"मी मामांना बोलावून आणलं! मोठ्या तोऱ्यात! तोंडघशी पडले मी."

"तू नाही. मी पडलो."

पण माझे कान तोवर बंद झाले होते. पुरचुंड्या तिथेच टाकून मी निघाले.

*

दोन दिवस मी भुरभुर पावसात गच्चीवर बसून रडले. रागाने, बरं का, दुसऱ्या कशाने नाही. मग व्हायचं तेच झालं. सडकून सर्दी! माझं नाक, ज्याच्यावर घरात गाणं होतं, ते पार चोंदून बसलं. आईने मलाच वाफारा दिला. "डॉक्टरला औषध," म्हणून हसली आणि कामावर गेली.

बाबांचा घसा त्या दिवशी पुरता बसला होता. रविवार होता, ते मफलर गुंडाळून आतल्या खोलीत दार लावून वाचत पडले होते. आत्या शिवलेले कपडे पोचवायला बाहेर गेली होती. मी बाबांसाठी आल्याच्या वड्या करायला घेतल्या, किसलेलं आलं आणि साखरेचा पाक मंद आचेवर. पाक आळतोय तोवर बाहेरच्या खोलीत पुदिना निवडत बसले. पान खुडायचं, थांबायचं. खिडकीतून समोर बेकरी दिसायची. उद्या सोमवार. उद्यापासून तो गल्ल्यावर. एक पान खुडायचं... थांबायचं.

जिन्यात धाडधाड पावलं वाजली. दार उघडंच होतं.

"अगं, जळतंय! पाक जळतोय तुझा! नाक काय गहाण टाकलंय का?"

कोपरापर्यंत पीठ, धापा टाकत, भाचेराव दारात.

मी स्वयंपाकघरात धावले. पातेल्यात पाकाचा काळा दगड झाला होता, सगळीकडे धूर. मी गॅस बंद केला, पातेलं नळाखाली धरलं, चर्रर्र झालं आणि... मी वळले. तोही तसाच उभा. दोघांच्या एकदमच लक्षात आलं.

"तुला वास आला," मी म्हणाले.

"आला," तो म्हणाला. स्वतःलाच विचारल्यासारखा. "पलीकडे आला. आधी करपलेला... आणि त्याच्या आत आलं. खरं आलं. कशाचंही झाकण करकरलं नाही."

मी हातातली पुदिन्याची काडी पुढे केली. त्याने खोल श्वास घेतला. मी श्वास रोखला.

"नाही," तो म्हणाला. "पुदिना नाही येत. खोटं सांगणार नाही. यापुढे कधीच नाही."

त्या 'नाही'ने मला जेवढा आनंद झाला, तेवढा त्याच्या सगळ्या 'बरोबर' उत्तरांनी मिळून झाला नव्हता.

"एक विचारू?" तो जवळ आला. "माझं नाक कधीच आलं नसतं... तरी तू आली असतीस? रोज?"

"आले असते," मी म्हटलं. माझं नाक लाल, डोळे सुजलेले, आवाज बेडकाचा. "फक्त तुझ्या कानांत कापूस घातला असता."

तो हसला. माझा हात हातात घेतला, नाकाशी नेला... आणि एकाएकी ताठ झाला. मान खिडकीकडे.

"पाव!"

"काय?"

"माझा पाव! झाला... हाक मारतोय!"

आणि हा माणूस माझा हात सोडून जिना उतरला! प्रेम सांगता सांगता! मीही मागून धावले. मला काही येत नव्हतं, ना पाव, ना धूर, पण मी धावले.

भट्टीपाशी मामा उभे होते. हात दाराच्या मुठीवर, पण दार मिटलेलं.

"आलास?" मामा म्हणाले. "पीठ टाकून पळालास तेव्हाच इथे येऊन उभा राहिलो. म्हटलं बघू, हा येतोय की मला उघडावं लागतंय. घटकाभर उशीर झाला असता तर उघडलंच असतं."

भाचेरावाने दार उघडलं. ट्रे बाहेर आला. तांबूस, फुगलेले, टचटचीत पाव, एकसुद्धा काळा नाही. मामांनी एक उचलला, मोडला, वाफेत तोंड धरलं. मग माझ्याकडे बघितलं.

"तुझ्या चहानं झालं का गं हे?"

"नाही मामा," मी मान वर करून म्हटलं. "डॉक्टर म्हणाले होते येईल, तसंच आलं. मी फक्त रोज आले."

मामांनी नुसती मान हलवली. मग फळ्यावर खडूने लिहिलेलं 'नवा कारागीर, सोमवार' तळहाताने पुसून टाकलं.

*

संध्याकाळी तो आमच्याकडे आला. हातात गरम पावाचा पुडा, आईसमोर लाजून चूर. फळीवर पाचवा कप आत्याने आधीच काढून ठेवला होता, पण रिळं चाळत बसली होती. कोणता रंग द्यावा? तेवढ्यात त्याने पुड्याचा पांढरा दोरा सोडला आणि स्वतःच कपाच्या कानाला बांधला.

आत्याने गाणं उचललं. "पांढरा दोरा... पांढरा दोरा..." आणि अडली. "कुणाचा म्हणू गं? आणि याला दुखतंय तरी काय?"

बाबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसत्या भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं. आईने पदराआड हसू लपवलं. तो कपाकडे बघत होता, कान लाल.

मी साखरेचा डबा काढला. दूध ठेवलं. चहाची पूड टाकली. ना आलं, ना लवंग.

"माझा म्हण, आत्या," मी म्हणाले. मान ताठ, नाक चोंदलेलं, आणि तोरा आभाळाला टेकलेला. "आणि त्याला काही दुखत नाही. त्याला साधा चहा."