रिकाम्या लिफ्टचं वजन

तपासणीला नव्वद दिवस उलटले तर लिफ्टची ओळ लाल. साठ उलटले तर पिवळी. बाकी सगळ्या हिरव्या.

दादाच्या लेकीचं, पिल्लूचं, वजन एकोणीस किलो. पाच वर्षं पूर्ण झाली तरी घरभर मागे धावून भरवावं लागतं.

तक्त्यातला एक रकाना दादाच्या धाकट्या बहिणीने लपवून ठेवला होता. तपासणीला लिफ्टखालच्या खड्ड्यात किती माणसं उतरली, किती वर आली. दोन्ही आकडे नेहमी सारखेच असायचे. उगाच जागा अडवत होता.

दादा पलंगावर ऐसपैस हातपाय पसरून झोपतो. वहिनीची लग्नापासूनची तक्रार.

कंपनीकडे एकशे बारा लिफ्टची देखभाल होती. मेकॅनिक दर कामाचा कागद भरून देत; पूर्वी ते खोक्यात पडून राहत. साहेबांना वाचायचा कंटाळा. मग दादाने शब्द टाकला, कारण तो तिथला जुना मेकॅनिक, आणि धाकटी बहीण कामाला लागली. तिने सगळं एका तक्त्यात आणलं, दर लिफ्टला एक ओळ, आणि ओळी आपोआप रंगतील असे तीन नियम घातले. लाल दिसली की मेकॅनिक निघायचा. आकडे वाचायची गरजच उरली नाही. वर्कशॉपमधले तिला रंगारीण म्हणू लागले.

मंगळवारी सकाळी चौदा नंबरची ओळ निळी होती.

पाण्यात सांडलेल्या शाईसारखी, फिकी. निळ्याचा नियम कोणी घातला म्हणून तिने यादी उघडली. तीनच नियम. एकेक करून तिन्ही पुसले. तक्ता पांढरा पडला, चौदा निळीच राहिली. नियम परत घातले आणि कित्येक महिन्यांनी तिने एक ओळ चक्क वाचली. तपासणी काल. मेकॅनिक दादा. रिकामं वजन एकसष्ट किलो.

हा आकडा लिफ्ट स्वतःच पाठवते, पहाटे, आत कोणी नसताना. तो शून्य असतो.

"काटा बिघडला असेल," दादा हात पुसत म्हणाला.

"मग जाऊन बघ ना."

"कालच तर बघून आलो. तू तुझं सॉफ्टवेअर तपास, बाई. माझ्या लिफ्टना नावं ठेवू नकोस."

बुधवारी चौदा पुन्हा हिरवी, वजन शून्य. निळी होती त्र्याऐंशी. एकसष्ट किलो.

साहेब तिच्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते. "हा निळा डोळ्यांना बरा वाटतो. पण बैठकीच्या आधी घालव. कोणीतरी अर्थ विचारेल."

गुरुवारी सत्तावीस. एकसष्ट.

तिने तक्ता मेकॅनिकच्या नावाने लावून पाहिला. तिन्ही ओळी दादाच्या खाली आल्या. आदल्या दिवशी त्याने ज्या लिफ्टचं काम सर्वांत शेवटी केलं, तीच दुसऱ्या दिवशी निळी.

तो घरातून निघायच्या आत तिने फोन लावला.

"आज जाऊ नकोस. उद्याही नको. सुट्टी घे."

"मी तुला कामाला लावलं आणि आता तूच मला घरी बसवतेस होय?"

"दादा, थट्टा नको. घे म्हणते ना."

"घेतो. तशीही सोमवारपासून पाठ भरून आलीय. कोणाला तरी पाठुंगळी घेऊन फिरल्यासारखी."

शुक्रवारी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात आली. दिवे लावले, तक्ता उघडला.

लाल, पिवळ्या, हिरव्या. निळी एकही नाही.

तिने चहा घेतला. अर्धा कप सावकाश प्यायली. दादा गेलाच नाही, म्हणून निळी नाही. हिशेब बरोबर होता.

मग सवय लागल्यासारखी ती वजनाचा रकाना वाचू लागली. वरून खाली, एकशे बारा ओळी. सगळीकडे शून्य.

एकसष्ट कुठेच नव्हते.

तिने वहिनीला फोन लावला.

"हे अजून झोपलेत," वहिनी म्हणाली. "अगदी भिंतीला चिकटून, अंग चोरून. एवढा मोठा पलंग, पण मधे कोणी असल्यासारखे कडेला."

"तू कुठे झोपलीस?"

"मी पिल्लूच्या खोलीत. तिला खोकला होता. का गं?"

"काही नाही. बाकी ठीक ना सगळं?"

"ठीकच. न्हाणीघरातला वजनकाटा तेवढा बिघडलाय. पिल्लू उभी राहिली की ऐंशी दाखवतो. हसून हसून लोळतेय ती."

मागे पिल्लूचा आवाज आला. ती कोणाला तरी सांगत होती, आता तू उतर, मला एकटीला बघू दे.

सोमवारी चौदा नंबरच्या खड्ड्यातलं काम संपवून दादाने नेहमीच्या अक्षरात कागद भरला होता. उतरले, एक. वर आले, दोन.