उताराआधीची सूचना

"उतरा. ही बस खाली पोहोचणार नाही."

आवाज गोड होता, रोज थांब्यांची नावं सांगणारा तोच. म्हणूनच भरलेल्या बसमध्ये एकच गोंधळ उडाला. कोणी किंचाळलं, कोणी काच बडवली. एका निवृत्त मास्तरांनी दार उघडायचा धोक्याचा दांडा ओढून चालत्या बसमधून उडी टाकली आणि मांडीचं हाड मोडून घेतलं.

असं घडण्याची ही तिसरी वेळ.

त्याच दुपारी परिवहन खात्याच्या तपास अधिकारी बाई आगारात येऊन थडकल्या. सरकारनं लहान शहरांना विजेवरच्या नव्या बसगाड्या दिल्या होत्या. पहिल्या गाड्या काही काळ बिनतक्रार धावल्या, तरच पुढच्या मिळणार होत्या. आणि इथं बसमध्ये भूत आहे म्हणत लोक थांब्यावर उभं राहायलाही घाबरत होते.

"खाजगी व्हॅनवाल्यांचे उद्योग!" आगारप्रमुख म्हणाले. "त्यांच्या पोटावर पाय आलाय ना. बस ठणठणीत आहे. माझी पोरं बसवतो मी तिच्यात."

"अजून?"

"रोज!"

चालक मात्र हादरला होता. समोरचा चहा त्यानं तसाच बाजूला सारला.

"दुसऱ्या कुठल्या बसमध्ये झालं असं?" बाईंनी विचारलं.

"नाही. फक्त हिच्यात, तेही उताराच्या तोंडाशी. परतीला, चढावर, कधीच नाही."

"लोक उतरल्यावर?"

"रिकामी बस हळूहळू खाली नेली."

"या बसवर तुम्ही पहिल्यापासून?"

"नवाच आहे. आधीच्याला अचानक दुसरा मार्ग दिला."

सूचनांचा आवाज आगारप्रमुखांच्या धाकट्या बहिणीचा होता. आगारात सगळे तिला ताई म्हणत. नियंत्रण कक्षात बसून चालकांचे फोन तीच घ्यायची, बसमधल्या सूचनाही तिथूनच लावायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हेल्मेट काढतच आत आली.

"उशीर झाला. भाच्यांना शाळेत सोडून आले."

"बसनं नाही जात ती?"

"दादा नको म्हणाला."

"या भुताटकीमुळे?"

"नाही, त्याच्या आधीपासून..." ती बोलता बोलता थांबली.

"तो आवाज तुमचाच ना?"

"आवाज माझा. वाक्य माझं नाही. कोणीतरी तुकडे जोडले असतील."

बाईंनी खोलीचं दार लावून तिच्या सगळ्या सूचना ऐकल्या. पुढचा थांबा, कृपया, सावकाश, धन्यवाद. मग बसमध्ये नोंदलं गेलेलं ते वाक्य लावलं. पुन्हा लावलं. शेवटी बोलणारीचा श्वास अडकला होता. भूत कशाला घाबरेल?

त्यांनी चालकाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. मग केबिनचं दार ढकललं.

"चला साहेब, एक फेरी मारू. तुम्ही, ताई आणि मी."

"मला मीटिंग आहे..."

"ठणठणीत बस आहे ना? मग?"

ते कुरकुरत बसमध्ये चढले. बस निघाली. बाईंनी समोरचा दांडा घट्ट धरला होता. आपला अंदाज बरोबर असेल, तर आपण कशात बसलोय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. ताई डोळे मिटून बसली होती. दुकानं मागे पडली, रस्ता वळला आणि समोरची घरं एकदम पायाखाली दिसू लागली.

"थांबवा!" आगारप्रमुख ओरडले. "थांबवा रे! ब्रेक लागायचे नाहीत खाली!"

चालकानं ठरल्याप्रमाणे सपाटीवरच बस उभी केली.

"ऐका," बाई म्हणाल्या. "घाबरवायचंच असतं तर कुठंही घाबरवता आलं असतं. हा आवाज एकाच बसमध्ये यायचा, तोही फक्त उताराआधी. चढावर ब्रेकची गरज पडत नाही, उतारावर पडते. म्हणजे ती धमकी नव्हती, इशारा होता. आधीच्या चालकानं ब्रेकची तक्रार केली असणार, म्हणून तुम्ही त्याला हलवलंत आणि स्वतःची मुलंही गुपचूप बसमधून काढलीत. माझ्याशी मात्र खोटं बोललात."

आगारप्रमुखांनी मान खाली घातली. "ब्रेकमधली हवा गळते. रिकामी उतरते खाली, भरलेली... सांगता येत नाही. धोक्याचा दिवा मीच काढायला लावला. एक तक्रार वर गेली असती, तर पुढच्या गाड्या दुसऱ्या शहराला गेल्या असत्या. शहरासाठीच केलं मी."

"आणि ताई, तुमच्या सूचनांमध्ये 'नाही' हा शब्द कुठंच नाही. सरकारी बस कशालाच नाही म्हणत नाही. मग तुकडे जोडणार कशाचे? ते वाक्य तुम्हीच बोललात."

ताईचे डोळे भरून आले. "फोन मीच घेतला होता त्या आधीच्या चालकाचा. पण आईबापांमागे दादानं मला वाढवलं. त्याच्याविरुद्ध वर कशी जाऊ? वाटलं, लोक उतरतील, बस बंद होईल. मास्तर उडी मारतील असं वाटलं नव्हतं हो."

"मास्तरांच्या मोडलेल्या हाडाचा जाब तुम्हा दोघांनाही द्यावा लागेल," बाई म्हणाल्या आणि वर फोन लावायला खाली उतरल्या.

मागून आगारप्रमुखांचा आवाज आला, दुखावलेला. "अगं, मग मला घरी का नाही बोललीस?"

"बोलले होते, दादा. जेवताना बोलले, पोरांसमोर बोलले. तू टीव्हीचा आवाज वाढवलास."