हेमॅटाइट विरघळेपर्यंत

संगमनेरच्या कॉलेजात एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला जोड्या ठरलेल्या असतात. पण जानेवारीत अश्विनीच्या जोडीदारणीचं लग्न झालं, गोरक्षच्या जोडीदारानं कॉलेज सोडलं, आणि सरांनी या दोघांना एका टेबलाशी उभं केलं. ती पुणतांब्याची, बोलघेवडी. तो अकोले तालुक्यातला, सदा मूग गिळून बसलेला. पहिल्याच दिवशी त्यानं तिच्या गॉगलची काच आपल्या रुमालानं पुसून दिली, अन् बाईसाहेब गेल्या की कामातून!

आज शेवटचं प्रॅक्टिकल. हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचं खनिज. त्याची लाल भुकटी तीव्र आम्लात विरघळवायची आणि त्यात लोह किती ते काढायचं. उद्यापासून परीक्षेची सुट्टी, आणि परीक्षा झाली की गोरक्ष वापीला कंपनीत रुजू होणार. जाण्याआधी त्यानं काहीतरी बोलावं, एवढंच तिला हवं होतं. निदान एक वाक्य...

बीकर गरम वाळूवर होतं. आम्ल पिवळं होत चाललं होतं, पण तळाशी लाल कण तसेच. बाकीच्यांचं केव्हाच विरघळलं, पोरं घरीही गेली. इथं मात्र काही हलेना, कारण अश्विनीनं बर्नर पार मंद करून ठेवला होता. विरघळलं की संपलंच की सगळं.

तेवढ्यात सर आले. त्यांनी ज्योत मोठी केली, तळातले रव्याएवढे दाणे पाहिले आणि गोरक्षलाच फैलावर घेतलं. एवढा हुशार मुलगा, साधं खलायला येत नाही का, म्हणाले. त्यानं मान खाली घातली.

सर गेले. अश्विनी त्याच्याकडे बघतच राहिली. त्याच्या हातची भुकटी एरवी मैद्यासारखी असायची.

"मुद्दाम जाड ठेवलीस?"

"व्हय." त्याचे कान लाल झाले. "बारीक केली असती, तर तू दुपारच्याच गाडीनं गेली असतीस."

"आणि मी ज्योत कमी केली, ते?"

"पाहिलं की... त्यावरच तर आजचा दिवस काढला." त्यानं मान वर केली. "तू मला लई आवडतेस, अश्विनी. वापी लांब हाय. थांबशील?"

तिचे डोळे भरून आले. आम्लाच्या वाफेनं नव्हे.

"थांबीन," ती म्हणाली. "पण फोन तू करायचास. आणि बोलायचंस."

संध्याकाळी तो तिला एसटीपर्यंत सोडायला आला. गाडी हलली तरी खिडकीखालून चालत तो काहीबाही सांगतच होता, आणि इंजिनाच्या घरघरीत तिला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं.