न वाचलेले

कुठलंही यंत्र हाती आलं की ते उघडून बघितल्याशिवाय कृष्णातच्या घशाखाली घास उतरायचा नाही. सांगलीत विश्रामबागेतल्या एका तंत्रनिकेतनात तो इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा, म्हणजे खोड पोटाला उपयोगी पडली होती. नव्व्याण्णवच्या मे महिन्यात महेंद्र, त्याचा जुना वर्गमित्र, अमेरिकेहून आला आणि येताना त्याच्यासाठी एक वाचायचं यंत्र घेऊन आला. शाळेतल्या पाटीएवढं, काळं. पुस्तकं आत साठवायची आणि काचेवर वाचायची. सोबत महेंद्रच्या अक्षरातला एक कागद होता, माहितीपुस्तिकेत नसलेल्या खुब्यांचा. अमुक कोपरा दाबून धरला की अक्षर वाढतं, यंत्र उलटं धरलं की ओळीही उलटतात, मग डावऱ्यालाही वाचता येतं.

कृष्णातनं या सगळ्या खुब्या आईच्या कामी लावल्या.

आई, बनुबाई, विट्याच्या अलीकडे गावात राहायची. बावन्नाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात जाऊन तिनं अक्षरं घोटली होती, पण मोतीबिंदू काढल्यापासून बारीक अक्षर दिसत नव्हतं. आणि वाचायला होतं तरी काय? धाकट्या शंभूराजची फौजेतून येणारी पत्रं. त्या उन्हाळ्यात वर बर्फात लढाई पेटली होती आणि शंभूराज तिथंच होता. शेजारच्या विजयमालेचा नवरा आकारामही त्याच्याच तुकडीत. साताऱ्याच्या भरतीत दोघं एकाच दिवशी लागले होते. कृष्णातनं दोघांची पत्रं कॉम्प्युटरवर टाइप करून अंगठ्याएवढ्या अक्षरांत पाटीत भरली, ज्याची त्याच्या नावाच्या पुस्तकात. दर शनिवारी एसटीनं गावी जायचा. एका खेपेला नवी पत्रं आणि पाटी घेऊन यायचा, पुढच्या खेपेला भरून आईकडे परत ठेवायचा.

बनुबाई काचेवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायची. आकारामचं ‘माझे लाडके विजू’ तिनं असं काही खणखणीत वाचलं, की अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. विजयमाला पदरात तोंड लपवून हसली.

कागदावर नसलेली एक खुबी कृष्णातला स्वतःलाच सापडली. दोन्ही बटणं दाबून दहा अंक मोजले की एक यादी उघडायची. जे शेवटपर्यंत वाचून झालं ते वर, राहिलेलं खाली. मथळे इंग्रजीत होते. आईला कळावेत म्हणून त्यानं पाटी कॉलेजच्या कॉम्प्युटरला जोडून मराठी मथळे बसवले. वर ‘वाचलेले’, खाली ‘न वाचलेले’. मराठीत या शब्दाला दोन तोंडं आहेत, हे तेव्हा त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही.

जूनमधल्या एका शनिवारी त्यानं यादी उघडली, तर आकारामचं नाव खाली गेलेलं.

“आये, आकारामची पत्रं वाचायची राहिली का गं?”

“राहत्यात कशी? दोन-दोनदा वाचल्यात.”

“मग हे असं का दाखवतंय?”

“तुझं मशीनच खुळं हाय,” बनुबाई म्हणाली आणि तिनं पुन्हा पहिल्या पत्रापासून सुरुवात केली. शेवटच्या पानापर्यंत वाचलं. नाव खालीच राहिलं.

गुरुवारी तार आली. पुढच्या शनिवारी आकाराम तिरंग्यात गुंडाळून आला. पाच गावचे लोक जमले होते. ओढ्याकाठी चितेजवळ उभं असताना कृष्णातला यादी आठवली आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. योगायोग म्हणतात तो हाच, असं तो मनाशी म्हणाला. तरीही सोमवारी त्यानं पाटी उघडली, एकेक जोड तपासला, बॅटरी बदलली. दोष कुठंच नव्हता.

जुलैतला पहिला शनिवार. तो घरी आला तेव्हा आई सोप्यात पाटी मांडीवर घेऊन बसली होती. चहाचंही विचारलं नाही.

“किस्ना, ह्यो शंभू खाली का रं गेला?”

त्यानं पाटी घेतली. आकारामच्या नावाखाली शंभूराजचं नाव होतं.

“बिघडलंय ते, आये.”

“आकारामबी असाच गेलता.”

बनुबाईनं पाटी परत ओढून घेतली आणि वाचायला लागली. पहिलं पत्र, दुसरं पत्र, सगळी तेवीस. झाली की यादी बघायची आणि पुन्हा पहिल्यापासून. तिन्हीसांजेपर्यंत तिचा आवाज बसला.

“कितीबी वाचलं तरी वाचंना रं,” ती म्हणाली आणि रडू लागली.

धाकटा भाऊ. कृष्णातनंच त्याला खांद्यावर बसवून पोहायला नेलं होतं.

रविवारी तो पाटी घेऊन सांगलीला आला. कॉलेज बंद होतं, शिपायाकडून किल्ली घेतली. शंभूराजचं नाव पुसायला हात धजावेना. शेवटी त्यानं एकच अक्षर पुसलं. ‘न’.

आता वरही वाचलेले, खालीही वाचलेले.

पोरकटपणा होता, हे त्याला कळत होतं. रिकाम्या प्रयोगशाळेत बसून तो ढसाढसा रडला.

नऊ दिवसांनी निरोप आला, पत्र आलंय. तो पहिल्या एसटीनं गावी गेला. पोस्टमन नाथाजीनं दिलेलं अंतर्देशीय आईनं फोडलंच नव्हतं. दाराशी मोकळ्या कपाळाची विजयमाला उभी होती.

तारीख मागच्या सोमवारची, ‘न’ पुसल्याच्या दुसऱ्या दिवसाची. अक्षर शंभूराजचंच.

“आये, मी वाचलो,” कृष्णातनं वाचलं.

“वाचला!” बनुबाई ओरडली. “वाचला गं माझा शंभू!” ती साखर आणायला आत धावली.

कृष्णातनं पुढची ओळ डोळ्यांनीच वाचली. ‘आकाराम माझ्याशेजारी बसलाय. तोबी वाचला. वैनीला सांग.’

“भावजी, आनि काय लिवलंय?” विजयमालेनं विचारलं.

“काही नाही. थंडी आहे म्हणतो.”

तेही खोटं नव्हतं. खाली लिहिलं होतं, ‘हितं लय थंडी हाय. आमाला परत बी येता येत न्हाई, फुडं बी जाता येत न्हाई. दादा, पुसलंस ते परत लिव.’

आईनं त्याच्या तोंडात साखर घातली. ती हसत होती. महिन्याभरात ती पहिल्यांदा हसत होती.

त्यानं लिहिलं नाही.

लढाई संपली. शंभूराजची तार आली नाही, शंभूराजही आला नाही. पत्रं मात्र दर शनिवारी यायची, आणि प्रत्येक पत्रात ओळी कमी व्हायच्या.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी तो पोचला तेव्हा आईनं पत्र स्वतःच फोडलं होतं. पाटीची गरजच नव्हती. अंतर्देशीयाच्या सगळ्या कागदावर मिळून दोनच शब्द होते, एकेक अक्षर तळहाताएवढं. बनुबाई त्यावर बोट ठेवून बसली होती.

“‘न लिव.’ असं का म्हंतोय रं ह्यो? पत्र लिवू नगासा म्हंतोय व्हय?”

कृष्णात दारातच उभा राहिला.

“व्हय, आये,” तो म्हणाला.