सात नंबरच्या दाराची ओली मूठ

"मूठ पुन्हा ओली आहे," क्लाइव्ह फोनवर सांगत होता. "सोमवारी होती, आज बुधवारी पुन्हा. आश्रमातले निम्मे म्हातारे जेवणघरात दाटी करून बसलेत, बोळात पाऊल टाकायला तयार नाहीत. माकारेता, त्या मुलीचं काय ते ठरवा आणि मला मोकळं करा."

माकारेतानं अंगात जाड कोट चढवला. सरकारी मदत कार्यालयात तिचा जन्म गेला होता. एकट्यानं मुलं वाढवणाऱ्या, सरकारी भत्त्यावर जगणाऱ्या आया काही शिकायला निघाल्या, की फी, बसभाडं आणि मूल सांभाळणाऱ्याचे पैसे सरकार देतं. कुणाची मदत चालू ठेवायची आणि कुणाची तोडायची, हे माकारेताच्या हातात होतं. या किनाऱ्यावर तिला सगळे आँटी म्हणत. तोंडावर प्रेमानं, माघारी जरा जपून.

आज प्रश्न एरानाचा होता. एराना वृद्धांच्या शुश्रूषेचं शिक्षण घेत होती आणि क्लाइव्हच्या वृद्धाश्रमात कामाचे धडे गिरवत होती. शुक्रवारी तिची शेवटची परीक्षा. पास झाली की ऑकलंडच्या रुग्णालयात नोकरी ठरलेली. पण तिच्यावर चोरीचा आळ आला होता, तोही मेलेल्या माणसाच्या वस्तूच्या चोरीचा. आळ खरा ठरला तर मदत आजच बंद. मग कसली परीक्षा आणि कसली नोकरी! पोरगी पुन्हा होती तिथंच.

कोरो हेनारे रविवारी गेले. कोरो म्हणजे आजोबा. साऱ्या गावाचेच होते ते. जुने कोळी, अलीकडं आश्रमात सात नंबरच्या खोलीत राहायचे. त्यांना समाजगृहात ठेवलं होतं आणि माकारेता कालच अंत्यदर्शन घेऊन आली होती. निघताना तिनं फाटकापाशी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी हातांवर घेतलं, अंगावर शिंपडलं आणि मगच ती गाडीत बसली. मेलेल्या माणसाजवळून आल्यावर इथं कुणीच कोरड्या हातानं घरी जात नाही.

सात नंबरच्या दारापुढं क्लाइव्ह चहाचा मग घेऊन उभा होता. उंच, लाल चेहऱ्याचा, दक्षिणेतून आलेला गोरा. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत असायचा.

"नीट पहिल्यापासून सांगा," माकारेता म्हणाली.

"कोरोंच्या गळ्यातला हिरवा पाषाण आम्ही रविवारी काढून खाटेशेजारच्या खणात ठेवला. सोमवारी दुपारी पुतण्या न्यायला आला. खण रिकामा. त्यांच्या पाच पिढ्यांचा पाषाण हो तो! काल एरानाच्या कपाटात त्याची दोरी सापडली. नुसती दोरी, पाषाण नाही. मी तिच्याकडची खोल्यांची किल्ली काढून घेतली आणि तिला घरी पाठवलं."

"किल्ली कधी घेतलीत?"

"काल दुपारी. माझ्या खिशातच आहे."

"आणखी किल्ल्या कुणाकडं?"

"एक माझ्याकडं आणि एक धुलाईत, पिरिहिराकडं. बाकी कुणाकडं नाही. ही खोली तर तुमच्या पाद्रीबाबांची प्रार्थना होईपर्यंत बंदच ठेवायची आहे. रस्त्यावर दरड कोसळलीय, ते पलीकडं अडकलेत."

"तुम्ही आत गेला होतात?"

"सोमवारी दुपारी पुतण्याबरोबर गेलो होतो. तो उंबऱ्यातच थांबला. खण मीच उघडला. हा मग खाटेवर ठेवला, सगळीकडं शोधलं, मग ऑफिसात जाऊन जेवलो. का?"

"थेट जेवलात?"

"भूक लागली होती," क्लाइव्ह गोंधळून म्हणाला.

मेलेल्याच्या खाटेवर चहाचा मग! आणि वर हात न धुता जेवण! त्याच्या ऑफिसच्या फळीवर कोरीव लाकडाच्या, हाडाच्या जुन्या वस्तू मांडलेल्या माकारेताला येताना दिसल्या होत्या. पाषाण पाहून त्याचे डोळे लकाकले असणार, हे तिनं मनात नोंदवलं.

ती दाराजवळ वाकली. पितळेच्या मुठीवर पाण्याचे थेंब होते. गडद निळ्या दारावर शिंतोडे उडालेले, काही वाळून गेलेले. उंबऱ्याच्या अलीकडं, बोळाच्या बाजूलाही थेंब. पाऊलखूण मात्र कुठंच नाही.

"म्हातारे म्हणतात, समुद्रातून कोणीतरी येतं," क्लाइव्ह हळू आवाजात म्हणाला. "मी असल्या गोष्टी मानत नाही. पण आज सकाळी मीच दार उघडायला गेलो आणि हाताला ते गार पाणी लागलं. खोटं कशाला बोलू, मी हात मागं घेतला."

बोळाच्या टोकाच्या खिडकीतून समुद्र दिसत होता, हिवाळ्यातला करडा समुद्र. माकारेता बराच वेळ वाळलेल्या डागांकडं बघत राहिली. समुद्राचं पाणी वाळलं की पांढरी कड ठेवून जातं. इथं निळ्या रंगावर काहीच उरलं नव्हतं.

नवरा तामाती समुद्रात बुडाल्यापासून एराना सासूच्या घरी राहत होती. सासू म्हणजे धुलाईतली पिरिहिराच. गाव तिला नॅन पिरी म्हणायचं, म्हणजे पिरी आजी. दार उघडलं ते एरानानं. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. चुलीपाशी घोंगडीत गुंडाळलेली चार वर्षांची माइया लापशी खात होती.

"आजारी होती का गं?"

"काल संध्याकाळपासून तापानं फणफणली होती, आँटी. रात्रभर मी आणि नॅन तिच्या उशाशी बसून होतो. पहाटे नॅन कामाला गेल्या, आणि थोड्या वेळानं हिचा ताप उतरला. मी नॅनना फोन केला, तर त्या फोनवरच रडायला लागल्या." एरानानं पोरीच्या कपाळावरून हात फिरवला. "आँटी, तुम्ही आलात ते बरं झालं. माझं नाव काढून टाका. मला नको परीक्षा."

"म्हणजे पाषाण तू घेतलास?"

"नाही! त्या खोलीत मी पाऊलसुद्धा टाकलं नाही."

"मग भितेस कशाला?"

एराना खिडकीकडं बघत राहिली. खाली लाटा फुटत होत्या. "तामातीला जाऊन दोन हिवाळे झाले. होडी सापडली, तो नाही सापडला. आणि मी त्याच्या पोरीला घेऊन ऑकलंडला निघालेय, त्याला त्या पाण्यात एकटं टाकून. तो मला अडवायला येतोय, आँटी. कोरोंनी त्याला जाळं टाकायला शिकवलं होतं. तो त्यांच्याच दाराशी येणार, दुसरं कुठं जाईल तो?"

चोवीस वर्षांची पोर. माकारेताला तिचा राग आला आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. तिनं दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

"माझ्याकडून निरोप येईपर्यंत कुठंही सही करू नकोस," ती म्हणाली. "आणि दुपारी आश्रमात ये."

धुलाईच्या खोलीत यंत्रं घरघरत होती. एका भिंतीला कामगारांची कपाटं, एकालाही कुलूप नाही. पिरिहिरा चादरींचे गठ्ठे ढकलगाडीवर रचत होती. दणकट बांध्याची बाई, पण चेहरा एका रात्रीत ओढलेला.

"चौकशी करायची तर कर," ती म्हणाली. "सून चोर आहे असं मी म्हणणार नाही. दोरी सापडली ती सापडली."

"आणि ओली मूठ?"

"भुताखेताच्या गप्पा मला सांगू नकोस. समुद्रानं माझा पोरगा परत दिला नाही, त्या दिवसापासून मी सगळं सोडलं. ना प्रार्थना, ना पाणी, ना काही. मेला तो गेला. परत येत नाही कोणी."

"सोमवारी सात नंबरमध्ये गेली होतीस?"

"कशाला जाऊ? प्रार्थना झाल्याशिवाय तिथल्या चादरी काढायच्या नाहीत, असा क्लाइव्हचा हुकूम आहे."

ढकलगाडीच्या खालच्या कप्प्यात एक प्लास्टिकची बाटली होती. झाकणाला बारीक भोकं पाडलेली, निम्मी भरलेली.

"ही कशाला?"

"इस्त्रीला. कपड्यांवर पाणी मारायला."

"एराना गेली तर घर ओकंबोकं होईल तुझं," माकारेता सहज म्हणाली.

पिरिहिराचे हात थांबले. "पोरीचे डोळे तामातीचे आहेत," एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा चादरी रचू लागली.

जाता जाता माकारेता क्लाइव्हला भेटली. "इथं इस्त्री कोण करतं?"

"इस्त्री? कुणीच नाही. चादरी यंत्रातून निघतात, घडी घालून थेट खाटेवर. का हो?"

माकारेता बाहेर पडली. ती कोटाच्या खिशात हात घालून बराच वेळ वाळूवर चालत राहिली. कोण हे तिला कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

दुपारी दरड हटली आणि पाद्रीबाबा आले. बोळात सगळे उभे राहिले. म्हातारे भिंतीला टेकून, एराना माइयाचा हात धरून, पिरिहिरा ढकलगाडी घेऊन सगळ्यांत मागं. प्रार्थना झाली. पाणी शिंपडत बाबा आत गेले, मागोमाग माकारेता. तिनं खण उघडला नाही. ती सरळ खाटेकडं गेली आणि कोरोंची उशी उचलली.

खाली हिरवा पाषाण होता.

बोळात एक लांब श्वास उमटला.

"मला वाटलंच होतं," क्लाइव्ह म्हणाला. "घाबरली आणि परत आणून ठेवला. एराना..."

"काल दुपारपासून एरानाची किल्ली तुमच्या खिशात आहे, क्लाइव्ह," माकारेता म्हणाली. "सोमवारी चोर आत गेला आणि मूठ ओली झाली. आज पहाटे पुन्हा कोणीतरी आत गेलं आणि पुन्हा मूठ ओली झाली. खणात चोरण्याजोगं काही उरलंच नव्हतं. मग आज कशाला जायचं? परत ठेवायला. खण रिकामा होता हे सगळ्यांना ठाऊक, मग उरली ती खाट. आणि त्या वेळी किल्ल्या दोघांकडंच होत्या."

"म्हणजे मी?" क्लाइव्हचा चेहरा आणखी लाल झाला.

"तुमच्यावर संशय होता माझा. पण मेलेल्याच्या खाटेवर मग ठेवून तुम्ही तसेच जेवायला गेलात. तुमच्या हातून ही मूठ कधीच ओली झाली नसती." ती म्हाताऱ्यांकडं वळली. "समुद्र आला म्हणता? दाराकडं बघा. पाणी वाळलं आणि मिठाची कडसुद्धा उरली नाही. हे नळाचं पाणी आहे. कोणीतरी आतून बाहेर आलं, दार ओढलं आणि इथं उभं राहून हातावर, अंगावर पाणी शिंपडलं. काल समाजगृहाच्या फाटकावर आपण सगळ्यांनी शिंपडलं, तसंच. ज्याला मेलेल्याची वस्तू चोरताना लाज वाटली नाही, त्याला हात न धुता बोळात पाऊल टाकवेना. हाडीमासी खिळलेली सवय आहे ती. सगळं सोडलं म्हणणाऱ्याचीसुद्धा सुटत नाही. इस्त्री होत नाही त्या घरात इस्त्रीची बाटली कशाला लागते, नॅन पिरी?"

पिरिहिरानं ढकलगाडीचा दांडा घट्ट धरला होता.

"दोरी कपाटात मीच ठेवली," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "पाषाण नंतर पुतण्याच्या दारात ठेवणार होते. मला तो नकोच होता. एरानाची मदत तुटली की ती इथंच राहील, एवढंच डोक्यात होतं. पोर सांभाळायचे पैसे सरकार मला देतं ना, माकारेता? तूच मंजूर केलेस. इथली पाळी संपली की रोज तिला खाऊ घालायचे, झोपवायचे, आणि रोज वाटायचं, माझंच घर रिकामं व्हावं म्हणून मी राबतेय, आणि वर त्याचा पगार घेतेय."

"आणि परत का आणलात?" एरानानं विचारलं.

"पाषाण घरात होता आणि पोर तापली. तामाती गेला तेव्हा मी देवाला म्हटलं होतं, आता आणखी काय नेशील माझं? काल रात्री मला उत्तर मिळालं असं वाटलं." तिनं तोंडावर हात धरला. "पोरगी जाऊ दे ऑकलंडला. जिवंत तर राहू दे."

"मी पोलिसांना बोलावतो," क्लाइव्ह म्हणाला.

"पाषाण कोरोंच्या घरच्यांचा आहे," पाद्रीबाबा म्हणाले. "आधी ती त्यांच्यापुढं उभी राहील. माफी मागेल. काय करायचं ते ते ठरवतील."

एराना दारापाशी गेली होती. तिनं मुठीवर हात ठेवला. मूठ आता कोरडी होती.

"म्हणजे तो आलाच नव्हता," ती म्हणाली. दोन दिवस ज्याची भीती वाटली, तेच हिरावून घेतल्यासारखी ती रडू लागली. "नॅन, मला वाटलं होतं, निदान रागावून तरी आला."

"मलाही वाटायचं गं," पिरिहिरा म्हणाली. "पाणी मीच शिंपडलेलं. तरी सोमवारी मूठ ओली पाहून म्हाताऱ्या ओरडल्या तेव्हा मी धावत बघायला आले होते. म्हटलं, कोण जाणे."

दोघींच्या मध्ये माइया उभी होती, एकदा हिच्याकडं आणि एकदा तिच्याकडं बघत. माकारेतानं कोटाची बटणं लावली. "मदत चालू राहील," ती एरानाला म्हणाली. "फी, बसभाडं, सगळं. परीक्षेच्या दिवशी पोरीला कोण सांभाळणार, त्याचं नाव मात्र मला आत्ता लागेल. नवीन नाव द्यायचं असेल तर दे."

एरानानं बाहीनं नाक पुसलं. पिरिहिराची मान खाली होती.

"जुनंच राहू दे, आँटी," एराना म्हणाली. "आणि नॅन, उद्या कोरोंच्या घरी मी येते तुमच्याबरोबर. एकट्या जाऊ नका."

पिरिहिरानं ढकलगाडीतून ती बाटली काढली. तिनं आधी एरानाच्या हातांवर पाणी घातलं, मग माइयाच्या, आणि सगळ्यांदेखत शेवटी स्वतःच्या.